सुरतेच्या शाळांत समुपदेशक कोणत्या भाषेत ऐकणार?

शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शैक्षणिक संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्याचे शिक्षण घेतलेली व्यक्ती असली पाहिजे, असा दंडक सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी घातला. विशाखापट्टणम येथे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या सतरा वर्षांच्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूचे ते प्रकरण होते. न्यायमूर्ती विक्रम नाथ आणि न्यायमूर्ती संदीप मेहता यांनी त्या निमित्ताने पंधरा मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आणि संसद अथवा विधिमंडळे कायदा करीपर्यंत ती शाळा, महाविद्यालये, शिकवणी वर्ग, वसतिगृहे अशा सर्वांना बंधनकारक राहतील, असे स्पष्ट केले. निकालाचे स्वागत सर्वत्र झाले आणि ते रास्तच होते. तथापि ही तत्त्वे एखाद्या विशिष्ट शहरात नेऊन ठेवली की त्यांतील उणीव दिसू लागते. त्यासाठी सुरतेइतके उपयुक्त शहर दुसरे क्वचितच सापडेल.

सुरत महानगरपालिकेची नगर प्राथमिक शिक्षण समिती सात माध्यमांतून शाळा चालवते: गुजराती, हिंदी, मराठी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी. देशातील फार थोड्या महापालिकांना असा विस्तार सांगता येईल. यामागे भाषाप्रेमापेक्षा कापडधंद्याचा वाटा मोठा आहे. यंत्रमागांवर ओडिशातील गंजाम जिल्ह्याचे कामगार, विणकामात तेलुगू भाषक कुटुंबे, रंगाई-छपाईच्या कारखान्यांत उत्तर भारतीय आणि या सगळ्यांत पूर्वापार मिसळलेला खानदेशी माणूस, अशी शहराच्या श्रमाची रचना आहे. धुळे, नंदुरबार व जळगाव जिल्ह्यांतून सुरत-भुसावळ लोहमार्गाने आलेल्या कुटुंबांनी लिंबायत, उधना, डिंडोली, गोडादरा, पांडेसरा हे भाग वसवले. २०११च्या जनगणनेत ४४ लाख ६६ हजार लोकसंख्या नोंदवलेल्या या महानगरात मराठी ही कोपऱ्यातली भाषा नाही. लिंबायतच्या आमदार संगीता पाटील २०१२पासून सलग निवडून आल्या आहेत, आणि नवसारीचे खासदार व केंद्रीय जलशक्तीमंत्री सी. आर. पाटील यांचे मूळ जळगाव जिल्ह्यातले आहे.

अशा शहरात शंभर वा अधिक मुलांच्या प्रत्येक संस्थेत किमान एक समुपदेशक, हा हिशेब पुरेसा आहे काय? ओडिया माध्यमाच्या शाळेत ओडिया न जाणणारा समुपदेशक नेमला, तर कागदोपत्री आदेशाचे पालन होईल. मराठी शाळेत केवळ गुजराती येणारी व्यक्ती बसवली, तरी होईल. पण ज्या मुलासाठी हा सारा खटाटोप, ते मूल बोलेल काय, हा प्रश्न शिल्लक राहतो. न्यायालयाने कर्मचाऱ्यांना वंचित गटांतील विद्यार्थ्यांशी संवेदनशीलतेने वागण्याचे प्रशिक्षण देण्यास सांगितले आहे. त्यात अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, दिव्यांग, लैंगिक अल्पसंख्य, कुटुंबाबाहेर वाढणारी आणि शोक वा आघात सोसलेली मुले यांचा नामनिर्देश आहे. भाषेमुळे वा स्थलांतरामुळे एकाकी पडलेल्या मुलाचा स्वतंत्र उल्लेख त्यात नाही. यादी परिपूर्ण असल्याचा दावा न्यायालयाने केलेला नाही. तेव्हा ती वाढवण्याची मोकळीक राज्यांना आहे.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. सुरतेतली मुले रस्त्यावरच तीन भाषा उचलतात. लिंबायतचा मुलगा गुजराती दुकानदाराशी, बिहारी शेजाऱ्याशी आणि घरी आईशी तीन निरनिराळ्या भाषांत लीलया बोलतो. मग अडते कुठे? अडते ते भाषेच्या प्रयोजनात. सौदा करायला, खेळायला, भांडायला जी भाषा पुरते, ती लाज, भीती, वडिलांचे दारूपान किंवा एखाद्या नातेवाइकाचा त्रास सांगायला पुरत नाही. शिवाय खानदेशी मुलांच्या बाबतीत आणखी एक पदर आहे. अनेकांच्या घरची बोली अहिराणी. शाळेतील प्रमाण मराठी हीच त्यांची दुसरी भाषा ठरते, गुजराती तिसरी, आणि पालकांची आकांक्षा ज्या इंग्रजीकडे लागलेली असते ती चौथी. चौथ्या भाषेत नापास होणाऱ्या मुलाला वर्गात मंद म्हटले जाते आणि घरी आळशी.

हा गोंधळ केवळ मानहानीपुरता मर्यादित राहत नाही. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेला एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वांत स्थान दिले. परंतु वाचता न येणे हे अक्षमतेमुळे आहे की भाषा परकी असल्यामुळे, हे ठरवायचे तर मुलाला अवगत असलेल्या भाषेतच चाचणी घ्यावी लागते. हरियाणातील मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने ‘डाली’ या नावाने वाचन-अक्षमतेची चाचणी तयार केली, तेव्हा सुरुवातीच्या चार भाषांत हिंदी, कन्नड व इंग्रजी यांच्यासह मराठीचा समावेश होता. म्हणजे सुरतेच्या मराठी शाळेतील मुलासाठी साधन उपलब्ध आहे. ते वापरणारे हात हवेत. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१मध्ये विशेष शिक्षकांचे प्रमाण प्राथमिक स्तरावर दहा मुलांमागे एक आणि उच्च प्राथमिक स्तरावर पंधरा मुलांमागे एक असे सांगितले होते. पण तिथेही प्रमाण मोजले ते डोक्यांचे.

ज्या कायद्याचा आधार प्रत्येक शिक्षणाधिकारी देतो, त्या २००९च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २९मध्ये मात्र या दोन गोष्टी शेजारी-शेजारी बसवलेल्या आहेत. त्या कलमाचे एक उपकलम म्हणते की शिक्षणाचे माध्यम शक्यतोवर मुलाची मातृभाषा असावे. लगेच पुढचे उपकलम म्हणते की मूल भय, आघात व चिंता यांपासून मुक्त असावे आणि त्याला आपली मते मोकळेपणाने मांडता यावीत. कायदा लिहिणाऱ्यांनी जाणीवपूर्वक ही जोडी लावली की ती योगायोगाने लागली, हा अभ्यासकांचा विषय. व्यवहारात पहिले उपकलम माध्यमाच्या वादात आणि दुसरे सुविचारांच्या फलकावर जाऊन बसले. गुजरातने २०२३मध्ये पहिली ते आठवीपर्यंत सर्व शाळांत गुजराती सक्तीची करणारा कायदा केला, त्यात दंडाचीही तरतूद आहे. राज्याची भाषा प्रत्येक मुलाला यावी, ही अपेक्षा गैर नव्हे. स्थलांतरित मुलाच्या हिताचीही आहे. मात्र राज्याला मुलाची भाषा यावी, यासाठी तसा तगादा कुणी लावत नाही.

सुरतेतील मुलांच्या मनावरचे ओझे भाषेपुरते नाही, हेही सांगितले पाहिजे. जानेवारी २०२५मध्ये गोडादरा भागातील आठवीत शिकणाऱ्या एका मुलीने आयुष्य संपवले. शुल्क थकल्यामुळे तिला शाळेत अपमानास्पद वागणूक मिळाली, परीक्षेला बसू दिले नाही, असा आरोप कुटुंबीयांनी केला. शाळेने तो फेटाळला. राज्य सरकारने चौकशीचा आदेश दिला. कोणत्याही आत्महत्येला एकच कारण नसते आणि त्या प्रकरणात दोष कुणाचा, हे ठरवणे वृत्तपत्राचे काम नाही. परंतु शुल्काची मागणी पालकाऐवजी मुलाकडे करण्याची प्रथा किती रुजली आहे, यावर त्या घटनेनंतर झालेल्या चर्चेने प्रकाश टाकला. शिक्षणहक्क कायद्याचे कलम १७ शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळालाही मज्जाव करते. वर्गासमोर थकबाकीदारांची नावे वाचणे हा मानसिक छळ आहे की नाही, याचे उत्तर शोधायला समुपदेशकाची गरज नसावी.

त्याच सुमारास हिऱ्यांचा धंदा मंदीत सापडला होता. हिरे घासणारे कारागीर, ज्यांना तिथे ‘रत्नकलाकार’ म्हणतात, त्यांच्यापैकी अनेकांचे काम सुटले किंवा मजुरी घटली. मे २०२५मध्ये गुजरात सरकारने त्यांच्यासाठी साहाय्य जाहीर केले, त्यात मुलांच्या शाळेचे एका वर्षाचे शुल्क १३,५०० रुपयांच्या मर्यादेत भरण्याची तरतूद होती. मानसिक आरोग्याच्या कोणत्याही शीर्षकाखाली हा खर्च नोंदवला गेला नाही. पण मुलाला वर्गात मान वर करून बसता यावे, यासाठी त्या वर्षी सुरतेत झालेल्या सरकारी उपायांपैकी सर्वांत परिणामकारक कदाचित हाच असेल. यंत्रमाग कामगाराला, जो बहुधा कुणाच्या हजेरीपटावरही नसतो, असा आधार मिळालेला नाही. माग बारा-बारा तासांच्या दोन पाळ्यांत चालतात. वडील रात्रपाळीचे असले तर मूल शाळेत जाताना ते नुकतेच झोपलेले असतात. आई घरी बसून साड्यांना लेस नाहीतर टिकल्या लावते, आणि नगावर मिळणाऱ्या मजुरीत मुलांच्या हातांचाही वाटा असतो. पालकांना सकाळी अकरा वाजता बैठकीला बोलावणाऱ्या शाळेला हे ठाऊक असते, तरी बैठक अकरालाच ठरते.

या मुलांच्या वाटेतील सर्वांत अवघड वळण आठवीनंतर येते. महापालिकेची प्राथमिक शाळा तिथे संपते. महापालिकेने ‘सुमन’ या नावाने माध्यमिक शाळा काढल्या, गुजरातीखेरीज अन्य माध्यमांचीही सोय केली, हे सुरतेचे श्रेय मान्य केले पाहिजे. तरीसुद्धा घराजवळ आपल्याच माध्यमाची नववी मिळेल, याची खात्री प्रत्येक मुलाला नाही. ज्याला ती मिळत नाही त्याच्यापुढे तीन वाटा असतात: दुसऱ्या भाषेत नववी, गावी आजी-आजोबांकडे पाठवणी, किंवा काम. वय चौदा. आईवडिलांपासून तुटणे, भाषा बदलणे किंवा बालपण संपणे, यांपैकी एक गोष्ट त्याच वयात घडते, ज्या वयात मनाची पडझड सर्वाधिक संभवते. समुपदेशनाचा एकही तास वाढवण्याआधी आठवीतील प्रत्येक मुलाची जून महिन्यातील सोय मार्चमध्येच निश्चित करणे, हा मानसिक आरोग्याचा कार्यक्रम का मानला जाऊ नये?

देशपातळीवरील आकडे या चिंतेला दुजोरा देतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२३मध्ये देशात १३,८९२ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. २०१३मध्ये ही संख्या ८,४२३ होती. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने २०२२मध्ये सहावी ते बारावीच्या ३ लाख ७९ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची पाहणी केली. त्यात ८१ टक्के मुलांनी अभ्यास, परीक्षा आणि निकाल हे चिंतेचे कारण सांगितले, ही बातमी बहुतेक ठिकाणी ठळक छापून आली. प्रश्न विचारायला संकोच वाटतो, असे सांगणारी २८ टक्के मुले त्यामानाने दुर्लक्षित राहिली. वर्गात प्रश्न विचारायला कचरणारे मूल बंद खोलीत अनोळखी माणसासमोर मन उघडे करील, हे गृहीत धरण्यात धोका आहे.

सुरतेला दुःखाचा अनुभव नवा नाही आणि त्यानंतर यंत्रणा कशी हलते, याचाही नाही. २४ मे २०१९ रोजी सरथाणा भागातील तक्षशिला संकुलाला लागलेल्या आगीत शिकवणी वर्गातील २२ विद्यार्थी दगावले. त्यानंतर शहरातील वर्गांच्या इमारती तपासल्या गेल्या, अग्निशमन दाखल्यांची मोजदाद झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. दाखला ही गोष्ट यंत्रणेला कळते. तो असतो किंवा नसतो. समुपदेशकाच्या नेमणुकीचाही दाखला होऊन बसेल, ही भीती त्यामुळेच वाटते. भिंतीवर टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक लावला, वर्षातून दोनदा शिक्षकांचे प्रशिक्षण उरकले, एक नाव नोंदवहीत लिहिले, की तपासणीस समाधानाने परततो. टेलिमानसची सेवा, जी ऑक्टोबर २०२२मध्ये सुरू झाली, वीस भाषांतून मिळते आणि गरज पडल्यास तिचा उपयोग अवश्य करावा. पण तेरा वर्षांच्या मुलाकडे स्वतःचा फोन नसतो, आणि एका खोलीच्या घरात एकांतही नसतो.

मग माणसे आणायची कुठून? सात भाषांतले मानसोपचारतज्ज्ञ सुरतेला मिळणार नाहीत, हे उघड आहे. सुदैवाने न्यायालयाच्या आदेशाला ते अभिप्रेतही नाही. बालक व किशोरांच्या मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण घेतलेला समाजकार्य पदवीधरही त्यात बसतो. इथे गोव्याच्या वाचकाला परिचित असलेल्या एका संस्थेचे काम कामी येते. गोव्यात १९९६मध्ये स्थापन झालेल्या ‘संगाथ’ने बिहारच्या नालंदा जिल्ह्यातील ७४ माध्यमिक शाळांत एक प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष २०१८मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. काही शाळांत मानसोपचाराची व्यावसायिक पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांकडे काम सोपवले. काही शाळांत तेच काम शिक्षकांकडे दिले. उरलेल्या शाळा तुलनेसाठी ठेवल्या. कार्यकर्त्यांच्या शाळांत वातावरण सुधारले, दादागिरी आणि नैराश्याची लक्षणे घटली. शिक्षकांच्या शाळांत तसा परिणाम दिसला नाही.

हा निष्कर्ष शिक्षकांवरचा ठपका म्हणून वाचणे अन्याय होईल. जो शिक्षक गुण देतो, मतदारयाद्या तपासतो, हजेरी भरतो आणि पोषण आहाराचा हिशेब ठेवतो, त्याच्याकडे मुलाने रडायला जावे ही अपेक्षाच मुळात चमत्कारिक. त्या प्रयोगातून सुरतेने उचलावे असे एवढेच की वस्तीच्या भाषेत बोलणारी, शाळेत पूर्णवेळ असणारी आणि गुणपत्रिकेशी संबंध नसणारी व्यक्ती उपयोगी पडते. लिंबायत-डिंडोलीत मराठी शाळेतून शिकून पदवीधर झालेल्या तरुण-तरुणी आहेत. ओडिया आणि तेलुगू वस्त्यांतही त्या पिढीचे शिक्षित असणारच. महापालिकेने त्यांतून निवड करून प्रशिक्षण दिले आणि गंभीर प्रकरणे पुढे पाठवण्यासाठी शासकीय रुग्णालयाच्या मनोविकार विभागाशी बांधून घेतले, तर सातही माध्यमे दोन-तीन वर्षांत व्यापता येतील. मात्र त्यांना अकरा महिन्यांच्या करारावर नेमून दर जूनमध्ये नवी माणसे आणायची असतील, तर न नेमलेले बरे. ज्याच्यापाशी मन मोकळे केले तो माणूस नाहीसा होणे, हा स्थलांतरित मुलाला आधीच पुरेसा आलेला अनुभव असतो.

यात मराठी समाजाची भूमिका निर्णायक ठरू शकते. सुरतेच्या स्थलांतरितांत राजकीय वजन कमावलेला तोच एक मोठा भाषक गट आहे. गंजामचा कामगार बहुधा एकटा येतो, त्याचे मत गावी असते; त्याच्या मुलांच्या शाळेसाठी नगरसेवकाच्या दारात कोण जाणार? मराठी नेतृत्वाने केवळ मराठी शाळांपुरती मागणी केली, तर ती एका समाजाची मागणी म्हणून बाजूला सारणे सोपे. सातही माध्यमांसाठी केली, तर ती टाळणे महापालिकेला अवघड जाईल.

गोव्यातील वाचकाने हे परक्या शहराचे दुखणे म्हणून सोडून देण्याचे कारण नाही. गोवा शिक्षण विकास महामंडळामार्फत माध्यमिक शाळांत समुपदेशक देण्याची योजना इथे बऱ्याच राज्यांच्या आधी सुरू झाली आणि तिचा लाभ झाला आहे. मात्र एका समुपदेशकाकडे एकाहून अधिक शाळा असतात. प्राथमिक स्तरावर तेवढीही व्यवस्था नाही. २०११च्या जनगणनेत गोव्यात कन्नड ही मातृभाषा सांगणारे साडेचार टक्क्यांहून अधिक, तर हिंदी सांगणारे दहा टक्क्यांच्या वर होते. त्यानंतरच्या वर्षांत वास्को, झुआरीनगर, म्हापसा आणि औद्योगिक वसाहतींच्या आसपासच्या शाळांचे पट कसे बदलले, हे त्या शाळांचे मुख्याध्यापक सांगतील. माध्यमाच्या प्रश्नावर गोव्याने १९९०पासून आणि पुन्हा २०११नंतर जेवढी ऊर्जा खर्ची घातली, तेवढी क्वचितच अन्य कोणत्या शैक्षणिक प्रश्नावर घातली असेल. त्या वादात कोकणी, मराठी आणि इंग्रजी या तिन्ही बाजूंना वक्ते होते. बांधकामाच्या जागेवरून शाळेत येणाऱ्या कन्नड किंवा तेलुगू मुलाच्या बाजूने बोलणारा त्यात कुणी नव्हता.

न्यायालयाने प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली देखरेख समिती नेमण्यास सांगितले आहे. तक्रारी पाहणे आणि संस्थांची तपासणी करणे, ही तिची कामे. सुरतेत काय, मडगावात काय, शाळांकडून ही समिती पहिली माहिती मागवील तेव्हा त्यात पटसंख्या आणि समुपदेशकाचे नाव हे रकाने असणारच. मुलांच्या घरी बोलल्या जाणाऱ्या भाषा आणि समुपदेशकाला येणाऱ्या भाषा असे आणखी दोन रकाने घालण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आजही आहे, आणि त्यासाठी विधानसभेच्या अधिवेशनाची वाट पाहावी लागत नाही.